सायकलस्वाराचे देणे

इंग्लंडात १८८५ साली साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल आली. १८८८ साली डनलॉपने तिला उपयोगी पडणारा हवेचा टायर सिद्ध केला. भारतात हे वाहन प्रथम साहेबांची व धनिकांची हौस म्हणूनच मिरवले. पुण्यात मात्र कारकून, शिक्षक व विद्यार्थी यांनी ते आपलेसे केले आणि पुणे ‘सायकलींचे शहर’ ठरले. या सामान्यांनी सायकलीचा कर भरून बिल्ला लावला, रात्री दिवा नसल्यास दंडही सोसला. रस्त्यावरील हक्काचे मोल त्यांनी असे रीतसर चुकते केले होते. पुढे स्वयंचलित वाहने वाढली आणि सायकलस्वार कडेला लोटला गेला. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला खरा. परंतु कागदावरचा मार्ग चाकाखाली येत नाही, तोवर हे देणे फिटले असे कसे म्हणावे?