सागरगोट्यातला सागर

वाशीम जिल्ह्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही ‘सागरगोटे’ हे खेळाचे नाव इथल्या कानाला परके वाटत नाही. वास्तविक सागरगोटा हे एका काटेरी वेलीचे राखी, गुळगुळीत बी. ते इतके टणक व हलके की महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि परक्या किनाऱ्याला लागते; स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर अशा वाहून आलेल्या बिया ताईत म्हणून बाळगीत. नावातला सागर यावरूनच आला असावा. वैद्य त्याला कुबेराक्ष वा लताकरंज म्हणतात व तापावर देतात. गजगा तो हाच. फरशीवर घासून शेजाऱ्याच्या हाताला चटका देण्याचा उद्योग मुलगे करीत.

त्याच्या शास्त्रीय नावातला ‘बॉन्डुक’ मूळचा अरबी ‘बुंदुक’. त्याचा अर्थ कठीण कवचाचे फळ, पुढे मातीची गोळी, आणि शेवटी आपली बंदूक! ओंजळीतले बी आणि खांद्यावरचे शस्त्र एकाच शब्दाची लेकरे निघावीत, हा भाषेचा खेळही काही कमी नाही.

एक गोटा वर उडवावा, तो खाली येण्याआत जमिनीवरचे एकेक, दोनदोन, तीनतीन उचलावेत आणि वरचा झेलावा, एवढाच डाव. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममधील एका संगमरवरी चित्रात स्त्रिया मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी असाच खेळ खेळताना दिसतात. मैदान नको, गणवेश नको. धाकटे भावंड मांडीवर आणि कान स्वयंपाकघराकडे ठेवून, घरकामातून चोरलेल्या वेळात मुलींनी तो जगवला.

म्हणूनच चिंता वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात देशी खेळांना अध्यापनात स्थान देण्याची भाषा आहे. पण शाळेत देशी खेळ म्हटले की कबड्डी, खो-खो यांच्यापुढे नजर जात नाही. बसून खेळायच्या खेळाला ढाल कोण देणार? खरे तर ढाल नकोच. स्पर्धा आली की नियम एकच होतो, आणि गावोगावची डावांची नावे पुसली जातात. कुंपणाच्या वेली जाऊन तारा आल्या, तेव्हा बी गेलेच. निदान शब्द तरी राहावेत. वाशीमच्या शिक्षकांनी मुलींना एवढाच गृहपाठ द्यावा: आजीजवळ बसून एक डाव मांडायचा, आणि रिसोडला, मानोऱ्याला, कारंज्याला प्रत्येक उचलीला काय म्हणत, ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवायचे. शुद्धलेखनाचे गुण मात्र कापू नयेत.