‘तिनं काय केलं असेल?’

आमच्या रोडपालीत इमारतींच्या भिंती पातळ. शेजारच्या घरातला मारझोडीचा आवाज ऐकू येतो, मग इतरांनी टी.व्ही.चा आवाज वाढवलेलाही कळतो. सकाळी जिन्यात प्रश्न निघतो तो एकच, ‘तिनं काय केलं असेल?’ जुन्या गावातही मी तो ऐकला आहे, सेक्टरांतल्या सोसायट्यांतही. आणि बायकांच्या तोंडून अधिक.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने (२०१९-२१) नेमके हेच विचारले. न सांगता बाहेर जाणे, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे अशा सात कारणांपैकी एखाद्यासाठी तरी बायकोला मारणे देशातल्या ४५ टक्के स्त्रियांना आणि ४४ टक्के पुरुषांना योग्य वाटले. महाराष्ट्रातल्या स्त्रियांत हे प्रमाण ४४ टक्के. फुले-आगरकरांचे नाव घेणारे आपण वेगळे नाही. देशभर सर्वाधिक मान्यता मिळाली ती सासरच्यांचा अनादर या कारणाला. थोडक्यात, हात उगारणे ही घराची शिस्तच समजली जाते.

पण बाईच्या ‘हो’ला मी संमती म्हणणार नाही. माराला कारण असते असे मानले, की ते कारण टाळून आपण वाचू, अशी आशा धरता येते. शिवाय जायचे कुठे? फ्लॅट बहुधा त्याच्याच नावावर. वास्तविक २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने, नाव कुणाचेही असो, तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. आमच्या जिन्यात ही गोष्ट कधी निघालेली मला आठवत नाही.