एका दिवसाचे अठरा तास की सत्रभराचे दोन तास?

एप्रिल आला की वस्त्यावस्त्यांत ‘सलग अठरा तास अभ्यास’ अभियानाचे फलक लागतात. बाबासाहेबांना अभिवादन म्हणून मुले सकाळी सहाला पुस्तक घेऊन बसतात, रात्री बाराला उठतात. प्रमाणपत्र मिळते, फोटो निघतात. आमचा या अभियानाला विरोध नाही. आम्हीही त्यात बसलो आहोत. प्रश्न एवढाच की, दुसऱ्या दिवशी ती मुले कुठे बसतात?

चार श्रेयांकांच्या एका विषयाला 60 तासिका असतात. चाचणी, प्रकल्प, सादरीकरण यांचे अंतर्गत गुण सत्र चालू असतानाच ठरतात. शेवटच्या पंधरवड्यात कितीही जागरण केले तरी ते परत मिळत नाहीत. आपली मुले नेमकी तिथेच मागे पडतात आणि ‘मेरिट’वाले त्याला आळस म्हणतात. वरून उपदेश : वेळेचे नियोजन करा! रात्री अकरापर्यंत पार्सल पोचवणाऱ्या मुलाने कोणत्या वेळेचे नियोजन करायचे? चार घरची धुणीभांडी उरकून वर्गात येणाऱ्या मुलीने, एका खोलीत पाच माणसे झोपत असताना, वही कुठे उघडायची? शिष्यवृत्ती सत्र संपल्यावर आली, तर पुस्तके कधी घ्यायची?

बाबासाहेबांनी हे स्वतः भोगले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून, पैसे साठवून ते 1920 मध्ये पुन्हा गेले. पुढे 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. तिथे विद्यार्थ्याला उपदेश केला नाही, वेळापत्रक बदलले.

आपणही तेच करू. विहार सकाळी सहा ते आठ आणि रात्री आठ ते दहा अभ्यासिका म्हणून उघडा. डीजेवर जाणारी वर्गणी बाकडी, दिवे आणि क्रमिक पुस्तकांवर खर्च करा. वस्तीतल्या पदवीधरांनी आळीपाळीने तिथे बसावे. चाचण्यांच्या तारखा पहिल्याच आठवड्यात द्या, असे निवेदन महाविद्यालयाला द्या. आणि मित्रांनो, आज शिकवलेले आजच वाचा; तारखा भिंतीवर लिहा.

सत्रात अध्यापनाचे 90 दिवस. रोज दोन तास धरले तर 180 तास होतात, म्हणजे अठरा तासांची दहा अभियाने. त्याचे प्रमाणपत्र कोणी देणार नाही. पदवी मात्र मिळेल.

जयभीम!