भवरलाल जैन आणि केळीपट्टा
जामनेर तालुक्यातील वाकोद येथे १९३७ साली जन्मलेल्या आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी निवर्तलेल्या उद्योजक भवरलाल जैन यांचे स्मरण यावल तालुक्यातील केळीपट्ट्यातल्या फैजपूर परिसराने करावे, याचे कारण केवळ त्यांचा उद्योगविस्तार नव्हे. मुळाशी थेंबाथेंबाने पाणी देणारे ठिबक सिंचन आणि कंदाऐवजी प्रयोगशाळेतील पेशीसमूहापासून निरोगी रोपे वाढविणारे टिश्यूकल्चर, अर्थात ऊतिसंवर्धन, यांचा प्रसार त्यांनी खानदेशच्या केळीबागांत केला. पत्नी कांताबाई यांच्यासोबतच्या सहजीवनावर ‘ती आणि मी’ लिहिणाऱ्या या कुटुंबवत्सल गृहस्थाने जळगावी महात्मा गांधींच्या जीवनकार्यावरील संग्रहालय, गांधीतीर्थ, उभारले. १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरविणाऱ्या फैजपूरला गांधीविचारांचा तो वारसा परका नाही. ठिबकमुळे वाचलेले पाणी लागवड वाढविण्यात न खर्चता भूजलासाठी राखण्याचा निर्धार यावल-रावेरच्या बागायतदारांनी केला, तर या स्मरणाला अर्थ येईल.