मैदान गावाचं, मग नियम कुणाचे?

गोल्फ आपला खेळ नाही, हे आधीच मान्य. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की नाशिकचं 'गोल्फ क्लब मैदान' आठवतं, आणि तिथं गोल्फ खेळताना आपल्यापैकी कुणी कुणाला पाहिलेलं नाही. कागदावर ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथं रणजीचे सामने होतात, पहाटेपासून लोक चालायला येतात. साहेबाचा खेळ गेला, पण रिक्षावाल्याला आजही 'गोल्फ क्लबवर सोड' असंच सांगावं लागतं.

तरी आज गोल्फवर लिहितोय. मैदानावर कुणी यायचं, कधी यायचं आणि हे ठरवायचं कुणी, याचं मला सापडलेलं सगळ्यात सरळ उत्तर या श्रीमंतांच्या समजल्या जाणाऱ्या खेळात आहे.

निमित्त तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्या गावच्या मैदानाच्या फाटकावर महिन्याभरापूर्वी पाटी लागली. प्रवेश सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात. पासधारकांनाच धावपट्टी. 'अनावश्यक' व्यक्तींना मनाई. खाली लिहिलंय 'आदेशावरून'. कुणाच्या आदेशावरून, ते नाही. ठराव क्रमांक नाही, तारीख नाही, सही नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे पाचला तिथं सोळाशे आणि आठशे मीटरचा सराव करायची. ती आता बायपासच्या कडेला पळतात. उसाच्या ट्रॉल्या, वाळूचे डंपर, त्यात अंधार. काही झालं तर आपण सगळे श्रद्धांजलीचे फ्लेक्स लावू.

आता गोल्फकडे येतो.

गोल्फचे नियम जगभर एकच. सेंट अँड्र्यूजची 'आर अँड ए' आणि अमेरिकेची 'यूएसजीए' या दोन संस्था ते ठरवतात. पण क्रिकेटच्या खेळपट्टीसारखं गोल्फचं मैदान ठरलेल्या मापाचं नसतं. कुठं समुद्र, कुठं जंगल, कुठं मधूनच रस्ता. म्हणून प्रत्येक क्लबाला 'स्थानिक नियम' करायची मुभा आहे. बहुतेक ठिकाणी ते गुण लिहायच्या कार्डाच्या मागेच छापलेले असतात. खेळायला उतरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात नियम! रखवालदाराला विचारायला नको, की 'साहेबांना विचारून सांगतो' ऐकायला नको.

या स्थानिक नियमांच्या गमती पुष्कळ आहेत. युगांडातल्या जिंजा इथल्या मैदानाचा नियम प्रसिद्ध आहे : पाणघोड्याच्या पावलाने झालेल्या खड्ड्यात चेंडू गेला तर तो दंडाशिवाय उचलता येतो. १९४० साली लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते, तेव्हा तिथल्या रिचमंड गोल्फ क्लबाने तात्पुरते नियम काढले. बॉम्बगोळे पडत असताना स्पर्धेतल्या खेळाडूने आडोशाला जाऊन खेळ थांबवला तर दंड नाही. शत्रूच्या कारवाईने चेंडू हलला तर तो परत जागेवर ठेवता येईल. मात्र नेमका फटका मारताना स्फोट झाला आणि नेम चुकला, तर दुसरा चेंडू खेळा, पण एका फटक्याचा दंड भरा. गवत कापायच्या यंत्रांचं नुकसान होऊ नये म्हणून बॉम्बचे तुकडे वेचून ठेवायची विनंतीही त्यात होती.

हसू येतं. पण बघा, यातला प्रत्येक नियम जमिनीतून उगवलाय. पाणघोडे आहेत म्हणून पाणघोड्याचा, बॉम्ब पडतायत म्हणून बॉम्बचा. त्या-त्या जागेची खरी अडचण आहे आणि तिच्यावरचा तोडगा सगळ्यांना सारखा लागू आहे. गोल्फच्या मूळ नियमावलीत समित्यांना एक ताकीदही दिलेली आहे : एखादा नियम तुम्हाला आवडत नाही, एवढ्यावरून तो स्थानिक नियम करून बदलता येणार नाही. नियम करणाऱ्यालाही नियम आहे. आपल्याकडे गाडी नेमकी इथंच अडते.

आता सेंट अँड्र्यूजची गोष्ट. स्कॉटलंडच्या समुद्रकाठचं हे छोटं गाव. तिथल्या 'ओल्ड कोर्स'ला गोल्फची पंढरीच म्हणा ना. जगातले मोठमोठे खेळाडू तिथं येऊन चिमुकल्या दगडी पुलावर फोटो काढतात. बहुतेकांना वाटतं की हे मैदान शेजारच्या त्या भव्य इमारतीतल्या खासगी क्लबाचं असेल. तसं नाही. ते सार्वजनिक आहे.

१५५२ साली तिथल्या आर्चबिशपने सनद लिहून दिली. किनाऱ्यालगतच्या त्या माळावर ससे राखायचा हक्क त्याने स्वतःला घेतला, आणि गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी असले खेळ खेळायचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. पुढे अठराव्या शतकाच्या शेवटी गावच्या परिषदेचं दिवाळं निघालं आणि माळ विकला गेला. तो सशांच्या व्यापाऱ्यांच्या हातात पडला. त्यांनी सगळीकडे ससे सोडले, सशांनी बिळं केली. गावकरी चिडले, कोर्टकचेऱ्या झाल्या, हाणामाऱ्या झाल्या. वीसेक वर्षं हे चाललं. १८२१ साली शेजारच्या एका गोल्फप्रेमी जमीनदाराने तो माळ घेतला आणि खेळ वाचला. १८९४ साली ब्रिटिश संसदेने खास कायदा केला आणि मैदान पुन्हा गावच्या परिषदेच्या ताब्यात आलं.

पुढे १९७० च्या दशकात स्थानिक कारभाराची फेररचना ठरली. गावची परिषद बरखास्त होऊन मोठ्या कारभारात विलीन होणार होती. मग मैदानाचं काय? त्यासाठी १९७४ मध्ये पुन्हा कायदा झाला आणि कारभार एका विश्वस्त मंडळाकडे गेला. त्या मंडळावर क्लबाचे प्रतिनिधी आहेत, तसे स्थानिक कौन्सिलचेही आहेत. नफा वाटून घ्यायची सोय नाही. बाहेरच्या पाहुण्याकडून हंगामात एका फेरीचे तीनशे पौंडांच्या वर घेतले जातात, स्थानिक रहिवाशांना वर्षाचं तिकीट सवलतीत मिळतं आणि पैसा मैदानाच्या देखभालीत जातो.

ओल्ड कोर्सवर खेळायला वेळ कशी मिळते? बऱ्याचशा वेळा रोजच्या सोडतीतून दिल्या जातात. खेळायच्या दोन दिवस आधी नावं द्यायची, चिठ्ठी निघते, निकाल जाहीर होतो.

आणि सगळ्यात सुंदर नियम रविवारचा. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर ओल्ड कोर्सवर रविवारी गोल्फ बंद. त्या दिवशी तिथं गावकरी फिरतात, कुत्री पळवतात, पोरं बागडतात. लाखो रुपये खर्च करून आलेल्या परदेशी खेळाडूला रविवारी कुंपणाबाहेरून नव्हे, तर आत येऊन बघता येतं की गावातली आजी त्या जगप्रसिद्ध हिरवळीवरून रमतगमत चाललीय. पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्याला छेदून एक सार्वजनिक रस्ताही समुद्राकडे जातो. लोक ये-जा करतात, खेळाडू थांबतात. सतराव्या होलच्या हिरवळीमागे डांबरी रस्ता आहे. तो मैदानाचाच भाग धरलेला असल्याने चेंडू तिथं गेला तर रस्त्यावरूनच मारायचा. गावाने खेळासाठी रस्ता हलवला नाही, खेळानेच रस्त्याला सामावून घेतलं.

सगळं गोल्फ असं उदार आहे, असं मी म्हणत नाही. १७४४ साली गोल्फचे पहिले लिखित तेरा नियम ज्या एडिंबराच्या मंडळीने केले, त्यांच्याच म्युअरफील्डच्या क्लबाने २०१६ साली बायकांना सदस्यत्व द्यायचा ठराव फेटाळला. खरं तर ६४ टक्के मतं बाजूने होती, पण दोन-तृतीयांश हवी होती. 'आर अँड ए'ने लगेच जाहीर केलं की मग 'ओपन' स्पर्धा तुमच्याकडे होणार नाही. पुढच्याच वर्षी पुन्हा मतदान झालं आणि ८० टक्के मतांनी दार उघडलं. 'आर अँड ए'चा पाया असलेल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबानेही बायकांना प्रवेश द्यायचं मतदान २०१४ मध्येच केलं, त्यामुळे फार तोरा मिरवायला त्यांनाही जागा नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून झोंबणारं. मुंबईचा विलिंग्डन क्लब. गोल्फचं मैदान असलेला, १९१८ सालचा. इंग्रजांच्या क्लबांत हिंदी माणसांना घेत नसत, म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनने दोघांसाठी काढलेला. भेदभाव मोडायला जन्मलेल्या याच क्लबात १९८० च्या दशकात एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून जाऊ दिलं नाही. दिल्ली गोल्फ क्लब तर सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभा आहे. २०१७ मध्ये पाहुणी म्हणून आलेल्या मेघालयातल्या एका बाईंना तिथल्या जेवणाच्या टेबलावरून उठवलं गेलं, कारण पारंपरिक खासी पोशाखात त्या कुणाला तरी मोलकरणीसारख्या दिसल्या. जमीन जनतेची, आणि जनतेतलं कोण बसणार हे कपड्यांवरून ठरणार.

हे दोन्ही नियम जमिनीतून उगवलेले नाहीत. पायात चप्पल नसल्याने हिरवळीचं काय बिघडतं? असले नियम फक्त 'आपली' माणसं आणि 'बाहेरची' माणसं वेगळी काढण्यासाठी असतात. आपल्या पाटीवरच्या 'अनावश्यक' या शब्दाची जातकुळी हीच.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर माझ्यावरच एकतर्फी लिहिल्याचा शिक्का बसेल. मैदानाची अवस्था वाईट होती, हे खरं. दारूच्या बाटल्यांच्या काचा, लग्नाच्या मांडवांचे खड्डे, मोकाट जनावरं. आत जी अकादमी आलीय ती पोरांकडून मेहनत करून घेते, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. देखभालीला पैसा लागतो, फुकट काही होत नाही. मग फी घ्या. पण सेंट अँड्र्यूजमध्ये फी घेतात म्हणून गावाचा हक्क संपला नाही. फी बाहेरच्याला जास्त, गावाला कमी, आणि हिशेब मैदानाचाच. आपल्याकडे पासाचे पैसे कुठल्या खात्यात जमा होतात, हे मी तीन ठिकाणी विचारलं. तीन उत्तरं मिळाली.

काचा पडतात तर काचांवर नियम करा. मांडवाच्या खड्ड्यांसाठी अनामत रक्कम घ्या, खड्डे बुजवले की परत द्या. पहाटे पाचला पळणाऱ्या पोरीने ना बाटली फोडली, ना खड्डा खणला. तिच्यासाठी फाटक बंद करण्याचं कारण मैदानात शोधून सापडणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, पाटीवर ठराव क्रमांक, तारीख आणि अधिकाऱ्याचं पद लिहा. ठराव झालाच नसेल तर पाटी काढा. दोन, प्रत्येक नियमासमोर कारण लिहा. तीन, पहाटे पाच ते सात धावपट्टी सगळ्यांना मोकळी, पास न मागता. चार, अकादमी आणि गावातले बाकीचे संघ यांच्या वेळा महिन्याला सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपल्या मुलींच्या कबड्डी संघाला कधी 'शिल्लक राहिली तर' या भावात वेळ मिळू नये. पाच, आठवड्यातून एक दिवस कुठलाही पास नको, कुठलीही अकादमी नको. म्हाताऱ्यांनी बसावं, पोरांनी पतंग उडवावेत. सहा, पासाच्या पैशांचा हिशेब दर तीन महिन्यांनी त्याच फाटकावर लावा.

यातल्या एकाही मागणीला निधी लागत नाही. मंत्रालयात फेऱ्या लागत नाहीत. लागतो तो एक सर्वसाधारण सभेचा ठराव आणि एक रंगारी.

सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांकडे साडेचारशे वर्षांपूर्वीची सनद होती, तरी त्यांना सशांशी भांडावं लागलं. आपल्याकडे सातबारा आहे. मैदान नगरपालिकेच्या नावावर आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या नावावर आहे. आपले ससे कोण, ते मी सांगायची गरज नाही.

पाटी कुठल्या ठरावाने लागली, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी दिलाय. कायद्याने तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की जसंच्या तसं इथं टाकेन, आणि नाही आलं तरी तेही टाकेन. तोवर एक काम करा. तुमच्या घरातलं, गल्लीतलं जे कुणी पहाटे बायपासला पळतंय, त्यांच्या सह्यांचा एक कागद करा. पुढच्या सभेआधी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाच्या हातात तो द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.