हत्यारांची पेटी घेताय? आधी हे वाचा

पेरणी तोंडावर आली, पेरणीयंत्राचा बोल्ट ढिला झाला आणि १२-१३ चा पाना सापडत नाही. लोणार परिसरातल्या कितीतरी घरांत मृगाच्या सुरुवातीला हेच चालतं. पाना घरात असतोच. गोणीत असतो, माळ्यावर असतो, नाहीतर शेजाऱ्याकडे गेलेला असतो. मग तुम्ही नवा आणता. असे तीन-चार पाने गोळा होतात आणि ऐन वेळी एकही हाताशी नसतो.

म्हणून हत्यारांना एक पक्की जागा करा. पेटी घ्या किंवा कपाट करून घ्या. पण दुकानात जायची घाई नको.

आधी घरातली सगळी हत्यारं अंगणात एका चादरीवर मांडा. पाने, पक्कड, कानशी, करवत, पटाशा, ड्रिल, ग्राइंडर, फवारणी पंपाचे वायसर, सगळं. रोज लागणारं एका बाजूला ठेवा, वर्षातून दोनदा लागणारं दुसऱ्या बाजूला. मोडकं भंगारात द्या. आता सगळ्यात लांब हत्यार मोजा. बहुतेक घरांत तो १८ इंची पाइप पाना निघतो, नाहीतर हातकरवत. बाजारातली नेहमीची तीन किंवा पाच कप्प्यांची उघडणारी पेटी साधारण १७ इंच लांब असते. म्हणजे तो पाना तिच्यात मावायचा नाही. हे घरीच कळलेलं बरं.

शेतावर न्यायला छोटी पेटी आणि घरी राहणारं खणांचं कपाट, अशी जोडी बहुतेकांना पुरते. एकच घ्यायचं असेल तर तुमचं काम कुठं चालतं ते बघा. दुरुस्ती विहिरीवर होत असेल तर घरातलं कपाट कितीही देखणं असो, तुमच्या उपयोगाचं नाही. पेटी भरली की एका हाताने उचलून बघा. उचलत नसेल तर दोन पेट्या करा. कंबर एकच आहे.

आता पत्र्याचं. इथं फसगत फार होते. दुकानदार गेज सांगतो आणि आपण मान हलवतो. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, एवढं लक्षात ठेवा. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९ च्या आसपास, २२ गेज ०.७-०.८. तुम्ही सरळ मिलिमीटरमध्येच विचारा. कपाटाच्या सांगाड्याला १ मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा हवा. खणांना थोडा पातळ चालेल. विश्वास बसत नसेल तर वजन विचारा. १ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा जवळपास ८ किलो भरतो. पुरुषभर उंचीचं कपाट दोन पोरं हसत उचलत असतील तर ते कपड्यांना ठीक आहे, लोखंडाला नाही.

पत्र्यापेक्षाही आधी मोडतात ती खणांची चॅनेलं. दुकानात खण पूर्ण बाहेर ओढा आणि तळहाताने वरून दाबा. खाली झुकला किंवा करकरला तर पुढं चला. बॉल-बेअरिंगची जोडी घ्या आणि ती किती किलो पेलते ते विचारा. साधारण ३५ ते ४५ किलोची मिळते. माझं स्पष्ट मत आहे: सात खणांच्या झगमगीत कपाटापेक्षा चार खणांचं भक्कम कपाट घ्या. चाकं, दिवे, बाटली उघडायचा आकडा, हे सगळं नसलं तरी काही अडत नाही.

विकतचंच घ्यायला हवं असंही नाही. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात तुमच्या मापाचं कपाट करून मिळतं. माप कागदावर लिहून द्या. पत्र्याची जाडी त्याच कागदावर लिहा. रंगाआधी प्रायमर मारायला सांगा आणि तो मारताना समोर उभे राहा. जुनं लोखंडी कपाट घरात पडून असेल तर त्याला फळ्या वाढवून, दाराच्या आतून पान्यांसाठी आकडे लावूनही काम भागतं. सुतारकाम, लोहारकाम यांसारखा पारंपरिक व्यवसाय हाताने करणाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी जरूर करावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. नवी हत्यारं येणार असतील तर कपाटात तेवढी जागा आधीच सोडा.

कपाट भरताना जड वस्तू खाली. वरचे सगळे खण एकदम उघडू नका. पुढचा भार वाढला की अख्खं कपाट अंगावर येतं. घरात लहान मूल असेल तर ही गोष्ट आजच सगळ्यांना सांगा, कारण पोरं उघड्या खणावर पाय देऊन चढतात. मागून दोन खिळखिळे न होणारे बोल्ट मारून कपाट भिंतीला बांधा. पटाशा, ब्लेड, ग्राइंडरच्या चकत्या कुलपातल्या खणात ठेवा. चकत्या कोरड्या जागी आडव्या ठेवा. चांगल्या चकतीच्या मधल्या कडीवर मुदत छापलेली असते, ती वाचा. ओल धरलेली किंवा मुदत संपलेली चकती फिरताना फुटू शकते. तिथं पंधरा-वीस रुपये वाचवायला जाऊ नका.

आणि गंज. आपल्याकडं काहीजण त्याचा दोष लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यावर ढकलतात. ते पाणी शंभर मीटरांहून अधिक खाली खड्ड्यात आहे. खरा चोर बहुधा तुमच्याच खोलीत असतो. युरियाची फुटकी गोणी ओल ओढते आणि शेजारचं लोखंड खाते. इन्व्हर्टरची बॅटरी, संडास धुण्याचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर, यांच्या वाफेनं पावसाळ्यात पाने लालभडक होतात. ही चारही हत्यारांच्या खोलीतून बाहेर काढा. कीटकनाशकाची बाटली तर या कपाटात एक दिवसही नको. हत्यार हाताळलेला हात तसाच भाकरीला लागतो.

कपाट भिंतीला बांधलं तरी ते तिच्यापासून चार बोटं पुढं आणि फरशीपासून विटेवर उचलून ठेवा. हत्यार ठेवताना तेलाच्या फडक्यानं पुसा. प्लॅस्टिकची पेटी उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती तडकते.

लोणारला रेल्वे नाही, जड माल ट्रकनेच येतो. ऑनलाइन मागवलं असेल तर खोकं उघडून कोपरे, खण आणि कुलूप बघितल्याशिवाय सही करू नका. पोचा पडलेल्या कपाटाचा खण पुढं कधीच सरळ चालत नाही. आणि पैसे देण्याआधी घराच्या दाराची रुंदी मोजा, जिन्याचं वळण असेल तर तेही. जुन्या गल्लीतल्या घरांत कपाट दारातच अडकतं, आणि मग ते पावसात ओसरीवर उभं राहतं.