भिंतीपलीकडची सही

गेल्या मार्च महिन्यात येथील मराठी मंडळाने महिला दिनानिमित्त एक व्याख्यान ठेविले होते. व्याख्याती आमची वडील बहीण. २०११ ते २०१७ अशी सहा वर्षे तिने सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरील एका शहरात, भारतीय मुलांसाठी चालणाऱ्या एका शाळेच्या मुलींच्या विभागात पदार्थविज्ञान शिकविले. आता तिचे बिऱ्हाड याच शहरात आहे. अध्यक्षांनी तिची ओळख करून देताना ‘पडद्याआडच्या अंधारातून सुखरूप परत आलेल्या’ असे शब्द योजिले. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. ताईने चाळीस मिनिटे आपल्या शाळेविषयी सांगितले. मग प्रश्न विचारावयास सांगितले गेले, तेव्हा तीनच प्रश्न आले. पहिला, तिकडे बुरखा घालावा लागत होता काय? दुसरा, सगळ्या बायकाच असल्यावर काम करावयास बरे वाटत असेल, नाही? आणि तिसरा, थोड्या संकोचाने पण स्पष्ट विचारलेला, पगार किती होता?

ती काय शिकवीत होती आणि ते शिकविताना तिला काय नडले, हे कोणीही विचारले नाही. जे विचारले नाही तेच सांगण्यासाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत. परगावी नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्या मराठी सरकारी माणसांचाही या प्रकरणाशी संबंध आहे, आणि तो पुढे उघड होईलच.

प्रथम वस्तुस्थिती. शाळेच्या दोन इमारती होत्या आणि मध्ये उंच भिंत. मुलांच्या विभागात शिक्षक पुरुष, मुलींच्या विभागात शिक्षिका. मुलींकडे मुख्याध्यापिका बाई, प्रयोगशाळेतील मदतनीस बाई, खेळ शिकविणारी बाई, बक्षीस समारंभाची पाहुणीदेखील बाईच. ताई म्हणते की एवढ्या मोकळेपणी प्रश्न विचारणाऱ्या मुली तिने पूर्वी कोठे पाहिल्या नव्हत्या. मागच्या बाकावर बसून मान खाली घालणारी मुलगी तेथे क्वचितच असे. पडद्याआड अंधार असतो असे समजणाऱ्या आमच्या अध्यक्षांनी हे ऐकूनही न ऐकल्यासारखे केले.

परंतु प्रयोगशाळेतील बारा गॅल्व्हानोमीटरांपैकी सात बंद पडले, तेव्हा भिंतीचा खरा अर्थ ताईला कळला. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला पाच आठवडे उरले होते. खरेदीचा अधिकार भिंतीपलीकडे, पुरुषांच्या इमारतीतील कार्यालयाकडे होता. तिने मागणीपत्र धाडले. दहा दिवसांनी शेरा आला की मागील वर्षी उपकरणे पुरविलेली आहेत, सबब कारण द्यावे. कारण दिले. मग उपकरणे खरोखर बंद आहेत याची खात्री करून घेण्याचा प्रश्न निघाला. खात्री करणारे गृहस्थ मुलींच्या इमारतीत येऊ शकत नव्हते आणि ताई त्यांच्या कार्यालयात जाऊ शकत नव्हती. ज्याने ठरवावयाचे त्याला दिसत नव्हते, आणि जिला दिसत होते तिला ठरविता येत नव्हते. परीक्षेच्या दिवशी मुलींनी एकेका उपकरणावर पाचपाच जणींच्या पाळ्या लावून प्रयोग उरकले.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. भिंतीपलीकडचे ते गृहस्थ अरब नव्हते. ते भारतीय होते, आणि त्यांतील एक तर उत्तम मराठी बोलणारे होते. मुलामुलींच्या इमारती वेगळ्या असाव्यात हा दंडक त्या देशाचा, हे खरे. पण मुलींच्या प्रयोगशाळेची खरेदी पुरुषांच्या इमारतीत मंजूर व्हावी, असा दंडक ताईला सहा वर्षांत कोणी दाखविला नाही. भिंत त्यांची होती. कपाटाची किल्ली भिंतीच्या कोणत्या बाजूला ठेवावयाची, हे मात्र आपल्या माणसांनी ठरविले होते.

ताईने आणि तिच्या सोबतिणींनी यावर काय केले, तेही सांगितले पाहिजे; कारण आपल्याकडे सोसणाऱ्या बाईचे कौतुक होते, उपाय काढणाऱ्या बाईचे होत नाही. त्यांनी तीन गोष्टी केल्या. एक, तोंडी किंवा दूरध्वनीवरून काही मागावयाचे नाही. प्रत्येक मागणी दोन प्रतींत लिहावयाची आणि एका प्रतीवर पोच घ्यावयाची. दोन, एकटीने मागावयाचे नाही. रसायन, जीवशास्त्र, ग्रंथालय आणि खेळ यांच्या प्रमुखांनी मिळून एकाच पत्रावर सह्या करावयाच्या. तीन, आणि हीच खरी युक्ती, वस्तू न मागता अधिकार मागावयाचा. किरकोळ खर्चासाठी एक ठराविक रक्कम मुख्याध्यापिकेच्या हाती असावी आणि हिशेब महिन्याच्या शेवटी द्यावा, अशी मागणी त्यांनी केली. आपल्या कचेऱ्यांत हिलाच इम्प्रेस्ट म्हणतात आणि ती कोणत्याही लहानशा टपाल कचेरीतही असते. ही मागणी मान्य व्हावयास दोन वर्षे लागली. पण ती मान्य झाल्यावर भिंत तेथेच उभी असूनही निम्मी खाली आली, असे ताई म्हणते. ती रागाने बोलत नाही. ती म्हणाली, “तिथं मला बोलताना कुणी अडवलं नाही. फक्त ठरवताना मी कुठंच नव्हते.”

आता त्या तीन प्रश्नांमागच्या तीन मतांचा समाचार घेऊ.

पहिले मत असे, की तो देशच मागासलेला आणि आपण मात्र सुधारलेले. सौदी सरकारने मुलींच्या शाळांना १९६० साली आरंभ केला, तेव्हा त्या शाळांचे खाते वेगळे काढून धर्मपंडितांच्या हाती दिले. शिकणाऱ्या मुली, शिकविणाऱ्या स्त्रिया, आणि वर सही करणारे पुरुष, अशी ही रचना बेचाळीस वर्षे चालली. ११ मार्च २००२ रोजी मक्केतील मुलींच्या एका शाळेला आग लागून १५ मुली दगावल्या; त्याच महिन्यात ते वेगळे खाते शिक्षण मंत्रालयात विलीन करण्यात आले. २००९ साली नूरा अल फाइझ या मुलींच्या शिक्षणासाठी उपमंत्री झाल्या. त्या पदावर नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री. पुढे जून २०१८ मध्ये स्त्रियांना मोटार चालविण्याची मुभा मिळाली, २०१९ साली एकवीस वर्षांवरील स्त्रियांना पालकाच्या संमतीवाचून पारपत्र मिळू लागले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उपाहारगृहांवरील स्वतंत्र दरवाजांची सक्ती उठली. म्हणजे ताई परत आल्यावर दोनच वर्षांत तेथील पुष्कळ चित्र पालटले. आमचे मंडळ मात्र २०११ मधल्याच चित्रावर टाळ्या वाजवीत आहे.

आणि आपण सुधारलेले म्हणजे केव्हापासून? चोनीरा बेळ्ळीअप्पा मुथम्मा या १९४९ साली भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. त्या सेवेतील त्या पहिल्या स्त्री. त्या सेवेच्या १९६१ च्या नियमांत स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी असे स्वच्छ लिहिलेले होते, आणि संसारामुळे कामात बाध येतो असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यावयास सांगता येत होते. पुरुष अधिकाऱ्याच्या संसाराची चिंता त्या नियमाला नव्हती. मुथम्माबाईंना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि १९७९ साली न्यायालयाने या नियमांवर कडक ताशेरे ओढले. हे नियम कोणा वाळवंटात लिहिलेले नव्हते. ज्या दिल्लीच्या आज्ञापत्रांवर आपण सारे पोट भरतो, त्याच दिल्लीत आपल्यासारख्याच कोणा कारकुनाने ते टंकलिखित केले होते.

दुसरे मत अधिक सभ्य आहे आणि म्हणून अधिक फसवे. बायकांचे वेगळे असले की त्यांना बरे पडते, असे ते म्हणते. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. दिल्लीच्या मेट्रोत पुढचा डबा स्त्रियांसाठी राखलेला असतो आणि ज्यांना त्यातून जावयाचे त्या जातात. त्या डब्याने कितीतरी जणींची नोकरी टिकविली असेल. आपल्या इतिहासातही वेगळी शाळा हीच पहिली पायरी होती. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, ती मुलींचीच होती. १९१६ साली कर्व्यांनी विद्यापीठ काढले, तेही स्त्रियांचेच. वेगळेपण म्हणजे नेहमी अन्याय असे मानणारे आमचे काही तरुण मित्र हा इतिहास विसरतात.

पण त्याच इतिहासातील दुसरे पान उलटून पाहावे. १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका तयार कराव्यात एवढेच सांगितले नाही. शाळांची तपासणी करणाऱ्या स्त्री अधिकारी नेमाव्यात, हेही सांगितले. अवघ्या चोवीस वर्षांच्या त्या विदुषीला जे दिसले ते आपल्याला अजून दिसत नाही. शिकविणारी स्त्री आणि तपासणारा, मंजूर करणारा, बदली करणारा पुरुष, अशी रचना असेल, तर मधली भिंत दगडाची असो की केवळ संकोचाची, तिचा उपयोग एकाच बाजूला होतो. वेगळेपणाची परीक्षा एकच आहे. भिंतीच्या अलीकडे जे काम होते, त्याचा निर्णय भिंतीच्या अलीकडे होतो काय? होत असेल तर ती सोय. होत नसेल तर ती कोंडी, मग आत कितीही बरे वाटो.

तिसरे मत पगाराचे. पैसा मिळतो ना, मग तक्रार कसली? हे मत मांडणारांना आम्ही एवढेच विचारतो, की परदेशी नोकरी करणाऱ्यास मार्च २०२१ पर्यंत त्या देशाबाहेर पाऊल टाकण्यासाठी मालकाची परवानगी लागत होती, हे त्यांस ठाऊक आहे काय? अशा स्थितीत जो माणूस दोन प्रतींत मागणीपत्र लिहून पोच मागतो, तो पगाराच्या मोबदल्यात मान विकावयास गेलेला नसतो. उलट स्वदेशात, निवृत्तिवेतनाची हमी असताना, जे लोक साधा विरोधी शेरा लिहावयास कचरतात, त्यांनी दुसऱ्याच्या पगाराचा हिशेब मांडू नये.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की हे सर्व खरे, पण आमच्याकडे भिंत कोठे आहे? तर सांगतो.

आपल्या कचेऱ्यांत स्त्रीला दौऱ्यावर पाठवावयाचे नाही याला आपण तिची सोय म्हणतो. तिला विचारल्याविना ही सोय केली जाते, आणि पुढे बढतीच्या वेळी तिला क्षेत्रीय अनुभव नाही असा शेरा पडतो. हा शेरा लिहिणारे हात आपलेच असतात. मंडळांत तर विचारावयास नको. महिला विभाग हळदीकुंकू करतो, संक्रांतीचे वाण आणतो, गणेशोत्सवात दीडशे माणसांचा स्वयंपाक करतो. आणि नारळाच्या पोत्याची पावतीसुद्धा पुरुष खजिनदाराच्या सहीवाचून वटत नाही.

आणि आता आम्हांस स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ताईच्या व्याख्यानाच्या आठ महिने आधी मंडळाने मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग सुरू केला. शिकवावयास ताई आणि आणखी दोघी. वर्गासाठी देणग्या जमल्या. ताईने सुचविले की वर्गाचे खाते वेगळे असावे आणि त्यावर शिकविणाऱ्यांपैकी एकीची सही असावी. कार्यकारिणीचे एक वडीलधारे सदस्य प्रेमाने म्हणाले, “ताई, तुम्ही फक्त शिकवा हो. बाकीचं सगळं आम्ही बघतो.” सारे हसले. ताईही हसली. त्या सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम सहचिटणीस या नात्याने आमच्याकडे होते. आम्ही लिहिले, ‘सूचनेवर चर्चा होऊन विषय संपला.’ चर्चा झालीच नव्हती. पुस्तकांची यादी त्यानंतर अडीच महिने खजिनदारांच्या पिशवीत राहिली, आणि मुले छायाप्रतींवर बाराखडी गिरवीत राहिली.

व्याख्यानाच्या संध्याकाळी, गॅल्व्हानोमीटरांची हकीकत ऐकताना, आम्हांस ती यादी आठवली. ताईने आमच्याकडे पाहिलेही नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

म्हणून आमचे म्हणणे अगदी छोटे आहे, आणि ते सरकारी माणसाला कळेल अशाच भाषेत मांडतो. येत्या वार्षिक सभेत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. एक, मराठी वर्गाचे खाते स्वतंत्र असावे आणि त्यावर शिकविणाऱ्यांपैकी एकीची सही अनिवार्य असावी. दोन, महिला विभागास वर्षारंभी ठराविक रक्कम द्यावी आणि तिच्या खर्चासाठी पूर्वमंजुरी लागू नये; हिशेब वर्षअखेरीस सर्वांचा पाहतात तसाच पाहावा. त्या सभेचे इतिवृत्तही आम्हीच लिहिणार आहोत. ठराव फेटाळला गेला तर कोणी काय म्हणून फेटाळला, ते यावेळी नावानिशी लिहू.

इतर गावच्या मंडळांतील वाचकांनीही आपापल्या मंडळाचे धनादेश-पुस्तक एकदा उघडून सह्या कोणाच्या आहेत ते पाहावे. त्यानंतर सौदी अरेबियातील बुरख्याविषयी जो प्रश्न विचारावयाचा असेल तो खुशाल विचारावा.